शोधनिबंध मोजण्यासाठी नसतात, वाचण्यासाठी असतात

एखाद्या भारतीय संशोधकाच्या प्रकाशनांची यादी समोर येते. पहिल्या ओळीत हायड्रोजन किंवा मिथेन साठवणाऱ्या सच्छिद्र पदार्थांवरील शोधनिबंध असतो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत मेंदूच्या दाहावरील. यादी पाहणाऱ्यांचे तत्काळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, काय हा व्यासंग! रसायनशास्त्रापासून मेंदूविज्ञानापर्यंत संचार! दुसरा तट भुवया उंचावतो: इतक्या दूरच्या दोन विषयांत एकच माणूस, तेव्हा यात काही तरी काळेबेरे असलेच पाहिजे. निवड समित्या, पुरस्कार समित्या, विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रके आणि वृत्तपत्रांतील चौकटी यांचा कौल बहुधा यांपैकी एका तटाकडे झुकतो. दोन्ही तटांत एक साम्य मात्र असते. त्या निबंधांपैकी एकही कोणी वाचलेला नसतो.

भारतीय विज्ञानाच्या आजच्या दुखण्याचे मूळ या न वाचण्यात आहे. बनावट निबंध, विकत घेतलेली लेखकनावे, परस्परांना वाटलेली उद्धरणे यांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण ही लक्षणे झाली. ज्या व्यवस्थेत निबंध वाचला जाण्याची शक्यताच उरत नाही, तेथे तो खरा असण्याची गरजही हळूहळू संपते.

वायुसाठवण आणि मेंदूचा दाह ही जोडी या दृष्टीने फार उद्बोधक आहे. दोन्ही क्षेत्रांत भारताला उत्तरांची निकड आहे, दोन्ही क्षेत्रांत उत्तम भारतीय काम झाले आहे, आणि न तपासता स्वीकारलेल्या आकड्याची किंमत काय असते हेही दोन्ही क्षेत्रांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

वायू साठवणे हे वरवर सोपे वाटणारे, प्रत्यक्षात अवघड काम. वायूला जागा फार लागते. म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या वाहनाच्या टाकीत तो वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाखाली कोंबावा लागतो. हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारीच्या टाकीत हा दाब ७०० पटींपर्यंत जातो. सच्छिद्र पदार्थ निराळा मार्ग सुचवतात. टाकीत असा पदार्थ भरावा, की ज्याच्या सूक्ष्म पोकळ्यांच्या भिंतींवर वायूचे रेणू आपणहून चिकटून बसतील. मग कमी दाबही पुरेल. धातूचे अणू खुंट्यांसारखे आणि सेंद्रिय रेणू दांड्यांसारखे वापरून उभारलेल्या अशा चौकटींना ‘एमओएफ’ या नावाने ओळखले जाते. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना याच कामासाठी मिळाले. याघी यांच्या गटाने १९९९ मध्ये जगापुढे आणलेल्या एमओएफ-५ या पदार्थाच्या दोन-चार ग्रॅम भुकटीत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला असतो. भारतातही बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र, तसेच पुणे आणि कोलकाता येथील ‘आयसर’ संस्था या कुळातील पदार्थांवर दीर्घकाळ काम करीत आल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा खर्च १९,७४४ कोटी रुपये असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. एवढा हायड्रोजन तयार झाल्यावर तो ठेवायचा कशात, हा प्रश्न त्यामुळे प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिलेला नाही.

पण याच क्षेत्राने मोठमोठे मृगजळही पाहिले आहे. १९९८ मध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म तंतूंविषयी असा दावा प्रसिद्ध झाला, की ते आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक हायड्रोजन सामावून घेतात. १९९९ मध्ये लिथियम मिसळलेल्या कार्बनच्या सूक्ष्मनळ्यांबाबत वीस टक्क्यांचा दावा आला. दोन्ही दावे प्रतिष्ठित नियतकालिकांत आले आणि दोन्हींवर पुढील संशोधकांनी उड्या घेतल्या. पहिल्या दाव्यातील आकडे इतर प्रयोगशाळांना मिळवता आले नाहीत. दुसऱ्या दाव्यातील वजनवाढीत वायूबरोबर आलेल्या ओलाव्याचा मोठा वाटा होता, हे वर्षभरात दाखवून देण्यात आले. म्हणजे तराजूने दाखवलेले वजन खरे होते. ते कशाचे, हे तराजू सांगत नव्हता.

हा धोका गेल्या शतकात संपला असेही नाही. अमेरिकेतील एका गटाने २०१७ मध्ये एमओएफवरील जुनी प्रकाशने धुंडाळून एक साधा प्रश्न विचारला: एकाच पदार्थाने किती कार्बन डायऑक्साइड शोषला, याची वेगवेगळ्या प्रयोगशाळांची मोजमापे परस्परांशी जुळतात का? हजारो पदार्थ प्रसिद्ध झालेले असताना, तुलना करता येईल इतक्या वेळा स्वतंत्रपणे मोजले गेलेले पदार्थ त्यांना जेमतेम पंधरा सापडले. आणि त्यांच्या मोजमापांपैकी सुमारे एक पंचमांश इतरांपासून ठळकपणे फटकून होती. यात लबाडी असेलच असे नाही. पोकळ्यांत अडकलेले द्रावक पुरते निघून गेले नाही, नमुना फार थोडा घेतला, तापमान किंचित ढळले, एवढेही पुरे होते. पण जो अभियंता यांपैकी एखाद्या आकड्यावर टाकीचा आराखडा बेतणार, त्याच्या दृष्टीने चूक प्रामाणिक होती की अप्रामाणिक, याने फारसा फरक पडत नाही.

आता मेंदूकडे वळावे. मेंदूत शिरलेल्या विषाणूशी लढणाऱ्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. त्या मेंदूच्या पहारेकरी. पण पहारेकरी बिथरला तर घरच्याच माणसांवर लाठी चालवतो, तसे त्यांच्याकडून सुटणारी रसायने निरोगी मज्जापेशींनाही मारतात. जपानी मेंदूज्वरात नेमके हेच घडते. उत्तर प्रदेशच्या पूर्व भागात २००५ च्या साथीत हजारावर बळी गेले, त्यांत बहुतांश मुले होती. या ज्वरावर लस आहे. लागण झाल्यावर देता येईल असे नेमके औषध मात्र नाही. त्यामुळे हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये जेव्हा दाखवले, की मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक उंदरांच्या मेंदूतील हा दाह शमवते आणि मज्जापेशींना वाचवते, तेव्हा आशा निर्माण होणे स्वाभाविक होते.

त्यानंतर जे घडले ते भारतीय विज्ञानाने अभिमानाने सांगावे असे आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील डॉक्टरांनी तीव्र मेंदूज्वराच्या रुग्णांवर या औषधाची रीतसर चाचणी घेतली. काहींना औषध, काहींना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूच्या प्रमाणात संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक आढळला नाही. काही रुग्णांत थोड्या लाभाची चिन्हे होती आणि तेही तेवढ्याच संयमाने नोंदवले गेले. हेच औषध अमेरिकेत एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या असाध्य विकारावर, उंदरांतील यशाच्या भरवशावर, ४१२ रुग्णांना घेऊन तपासले गेले होते. २००७ मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्यांची प्रकृती इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक वेगाने ढासळल्याचे आढळले. उंदरावरचा निबंध खोटा नव्हता. तो शेवटचा शब्द नव्हता, इतकेच. लखनौच्या चाचणीने मूळ निबंधाचा अपमान केला नाही. तिने तो वाचला आणि गांभीर्याने घेतला. मात्र संख्या मोजणाऱ्या पद्धतीत असा ‘फरक आढळला नाही’ म्हणणारा निबंध कायम मागच्या बाकावर बसतो.

मुझफ्फरपूरची कहाणी याहून बोलकी आहे. बिहारच्या या लिचीच्या प्रदेशात दर उन्हाळ्यात मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत आणि कित्येक दगावत. वर्षानुवर्षे या आजाराला मेंदूज्वर म्हटले गेले आणि विषाणूचा शोध चालू राहिला. २०१४ च्या हंगामात भारतीय आणि अमेरिकी साथरोगतज्ज्ञांनी दोन रुग्णालयांतील ३९० मुलांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांतील १२२ दगावली होती. बहुतेक मुलांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात दाहाची खूण नव्हती. अनेकांच्या रक्तातील साखर मात्र धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली होती. लिचीतील एक द्रव्य शरीराची साखर तयार करण्याची वाट अडवते आणि रात्री उपाशी झोपलेल्या, आधीच अशक्त मुलावर त्याचा घाला बसतो, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला सल्ला कोणत्याही आईला समजेल असा होता: मुलाला रात्री जेवू घालून झोपवा, आणि झटका आलेल्या मुलाची साखर आधी तपासून ती ताबडतोब भरून काढा. रोगाच्या नावातच ‘दाह’ गृहीत धरणारी समजूत तपासून पाहिली गेली, म्हणून हे हाती लागले. २०१९ मध्ये त्याच जिल्ह्यात पुन्हा शंभरावर मुले गेली, कारण कागदावरचे ज्ञान वेळेवर घरांपर्यंत आणि आरोग्य केंद्रांपर्यंत पोचले नव्हते. न वाचणे हा दोष केवळ विद्यापीठांचा नाही.

या पार्श्वभूमीवर सुरुवातीच्या यादीकडे परत पाहावे. वायुसाठवण आणि मेंदूचा दाह एकाच माणसाच्या नावावर असणे शक्य आहे काय? निःसंशय शक्य आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायू बिथरलेल्या मायक्रोग्लियाच्या हत्यारांपैकी एक आहे, आणि हाच वायू अल्प मात्रेत रक्तवाहिन्या सैल करतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात एमओएफच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड साठवून तो गरजेनुसार हळूहळू सोडण्याचे काम झाले आहे. फ्रान्समध्ये लोहयुक्त एमओएफच्या कणांत कर्करोगाची औषधे भरून पाहिली गेली आहेत. पोकळीत काय बसेल, किती घट्ट बसेल आणि केव्हा सुटेल, हा प्रश्न मोटारीच्या टाकीला जसा लागू आहे तसाच औषधालाही. जो संशोधक हा धागा पकडून एका विषयातून दुसऱ्यात जातो, त्याच्या यादीतील दोन ओळी दूरच्या दिसल्या तरी त्याच्या विचारात त्या शेजारी असतात.

भारताला अशी माणसे नवी नाहीत. जगदीशचंद्र बोस विद्युतचुंबकीय लहरींकडून वनस्पतींच्या संवेदनांकडे गेले. गो. ना. रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये गोपीनाथ कर्ता यांच्यासह कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना सुचवली आणि १९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह क्ष-किरणांच्या छायांवरून वस्तूचे अंतरंग पुन्हा उभे करण्याची गणिती रीत मांडली. पुढे सीटी स्कॅनसाठी हीच रीत महत्त्वाची ठरली. कातडी-हाडांतील प्रथिन आणि स्कॅनचे गणित यांचा वरवर काय संबंध? पण सावलीवरून आकृती ओळखणे हा दोन्हींचा गाभा एकच होता. गोव्यात जन्मलेले, पुण्यात कर्मभूमी असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, नाणकशास्त्रज्ञ होते आणि प्राचीन भारताच्या इतिहासाचे भाष्यकारही. १९४४ मध्ये त्यांनी दिलेले एक सूत्र जनुकांचे नकाशे काढताना आजही वापरले जाते. या तिघांपैकी कोणालाही ‘विषयाबाहेरचा’ म्हणून दारातच अडवणे हा शहाणपणा ठरला नसता. आणि केवळ विषय अनेक म्हणून त्यांचा गौरव करणे हाही नाही. त्यांचे मोठेपण त्यांच्या कामाच्या आशयात आहे आणि तो वाचल्यावाचून कळत नाही.

उलट, याच विविधतेच्या आड बाजारही चालतो. पैसे घेऊन लेखकांच्या यादीत जागा विकणारे दलाल आज जगभर आहेत, आणि अशा ठिकाणी जागा घेणाऱ्याला निबंधाचा विषय कोणता याचे सोयरसुतक नसते. २०२३ मध्ये जगभरात मागे घेतलेल्या निबंधांची संख्या १०,००० च्या पुढे गेली. त्यांतील ८,००० हून अधिक एकाच प्रकाशनगृहाचे होते. वाङ्मयचौर्य लपवण्यासाठी यंत्राकडून शब्द बदलून घेतलेल्या निबंधांत ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’ची ‘बनावट जाणीव’ झाली आणि ‘स्तनाच्या कर्करोगा’चे ‘छातीवरील संकट’. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा वाक्प्रयोगांकडे जगाचे लक्ष वेधले. यातील खेदाची गोष्ट अशी, की हे ओळखायला कोणतेही उपकरण लागत नव्हते. एकाही संपादकाने किंवा समीक्षकाने पहिला परिच्छेद डोळ्यांखालून घातला असता तरी पुरे होते.

भारतात हा बाजार का फोफावला, याचे उत्तर नियमावलीत आहे. २०१० पासून महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण ठरवले गेले. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आणण्याचे बंधनही होते. खेड्यातील महाविद्यालयात आठवड्याला वीस-वीस तास शिकवणाऱ्या, प्रयोगशाळेत साधा तराजूही धड नसलेल्या शिक्षकाला व्यवस्थेने सांगितले की संशोधन दाखव. आणि संशोधनाची साधने देण्याऐवजी तिने मोजपट्टी दिली. मग मोजपट्टीपुरते संशोधन निर्माण झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर तिच्यातच शेकड्यांनी बोगस नियतकालिके शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके किमान निकषांतही बसेनात. २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएचडीसाठीचे प्रकाशनाचे बंधन नोव्हेंबर २०२२ मध्ये उठले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी उणे गुणांची तरतूद झाली. यांतील काही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण सर्वांची धाव एकाच दिशेने आहे: आधी अधिक मोजायचे, मग वजा मोजायचे. मोजण्याऐवजी वाचायचे, हे कोठेच नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. संख्येचा निकष उगाच आलेला नाही. ‘समितीने काम वाचून गुणवत्ता ठरवली’ या वाक्याआड या देशात वशिला, जात, गाव, गुरुकुल आणि गटबाजी यांनी किती जणांचे नुकसान केले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणाचीही ओळख नसलेल्या उमेदवाराला आकड्यांनीच आधार दिला. त्याचे निबंध किती आणि उद्धरणे किती, हे कोणाला नाकारता येत नव्हते. शिवाय एका पदासाठी तीनशे अर्ज आले तर चार सदस्यांच्या समितीने तीनशे जणांचे सगळे निबंध वाचायचे केव्हा? वाचनाचा आग्रह धरणाऱ्यांनी या दोन प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत.

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. सगळे निबंध वाचावे लागत नाहीत. प्राथमिक चाळणीसाठी शैक्षणिक पात्रता आणि विषयाची निकड पुरते. त्यानंतर उरलेल्या दहा-बारा जणांनी आपली प्रत्येकी तीन ते पाच कामे निवडून द्यावीत आणि समितीने तेवढी वाचावीत. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ च्या धोरण निवेदनात संख्या आणि नियतकालिकाचे वजन यांऐवजी मोजक्या उत्तम कामांच्या आशयावर भर द्यावा असे सुचवलेलेच आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड, पण अशक्य नाही. वशिला बंद खोलीत फोफावतो. समितीने प्रत्येक अंतिम उमेदवाराच्या कामाविषयी पानभर लेखी अभिप्राय द्यावा, त्यात त्या कामातील नेमका कोणता दावा पटला आणि कोणता नाही हे लिहावे, आणि तो अभिप्राय उमेदवाराला मिळावा. ज्याला आपल्या सहीनिशी लिहावे लागते, त्याला निबंध उघडावाच लागतो. आकडा उमेदवाराला वशिल्यापासून वाचवत होता हे खरे; पण आता तोच आकडा विकत मिळू लागल्यावर ते कवच कोणाचे रक्षण करते? ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचे. वशिला नसलेला, पैसेही नसलेला प्रामाणिक संशोधक पुन्हा उघड्यावर आला आहे.

वायुसाठवण आणि मेंदूचा दाह अशी दोन टोकांची कामे असतील तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारता येतील. एक, या निबंधात या व्यक्तीने स्वतः काय केले? पदार्थ बनवला, मोजमाप घेतले, संगणकावर प्रतिमान चालवले की प्राण्यांवरील प्रयोग केले? अनेक नियतकालिके आता लेखकनिहाय योगदान छापतात, ते वाचावे. दोन, मूळ नोंदी कोठे आहेत? अधिशोषणाचे आलेख आणि दाहाच्या प्रयोगातील प्रत्येक प्राण्याची नोंद खुली असेल, तर संशयाला आणि कौतुकालाही भक्कम आधार मिळतो. तीन, समितीत दोन्ही विषयांचे जाणकार आहेत का? पदार्थशास्त्रज्ञाने मेंदूच्या निबंधाला ‘प्रभावी’ म्हणावे आणि मेंदूतज्ज्ञाने पदार्थाच्या निबंधाला ‘अभिनव’ म्हणावे, यातच दोन विषयांच्या मधल्या फटीतून सारे काही निसटते. या तीन प्रश्नांना जो संशोधक सहज सामोरा जातो, त्याला दुसऱ्या तटाने विनाकारण छळू नये. जो अडखळतो, त्याला पहिल्या तटाने डोक्यावर घेऊ नये.

आणि दुसऱ्याचे काम पुन्हा करून पाहणाऱ्यासाठी पैसा हवा. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांच्या निधीची अपेक्षा आहे. भारताचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो आहे, त्या मानाने हे स्वप्न मोठे. त्यातील लहानसा हिस्सा जरी हायड्रोजन साठवणाऱ्या पदार्थांची मोजमापे दोन-तीन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे पुन्हा घेण्यासाठी, किंवा उंदरांत यशस्वी ठरलेल्या दाहशामक औषधांची लखनौसारखी चाचणी घेण्यासाठी राखला, तर त्यातून मिळणारे उत्तर, होकारार्थी असो वा नकारार्थी, डझनभर नव्या दाव्यांपेक्षा मोलाचे ठरेल.

एका लहान निबंधाचे भवितव्य येथे आठवण्यासारखे आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. १९६७ मध्ये त्यावरचा निबंध एका भारतीय नियतकालिकात आला. साधा ताप, मोजके रुग्ण, गाजावाजा नाही. आजच्या गुणपत्रिकेत त्याला किती गुण मिळाले असते कोण जाणे. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भीषण साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा संशयाची सुई ज्या विषाणूकडे वळली त्याला नाव होते, वर्णन होते, कारण अडतीस वर्षांपूर्वी कोणी तरी निगुतीने काम करून ते नोंदवून ठेवले होते. २०२४ मध्ये गुजरातेत तोच विषाणू पुन्हा डोके वर काढता झाला, तेव्हाही त्याची ओळख पटवणे शक्य झाले.

केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत, जेणेकरून सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना जगातील १३,००० च्या आसपास नियतकालिके वाचता यावीत. निर्णय उत्तम आहे. जिल्ह्याच्या गावातील विद्यार्थ्याला आता नोबेलविजेत्याचा मूळ निबंध उघडता येईल. मात्र ज्या देशाने वाचनासाठी एवढी रक्कम मोजली, त्या देशाच्या निवड समित्यांनी स्वतःच्या संशोधकांचे पाच निबंध वाचण्यासाठी एक दुपार काढू नये, ही विसंगती फार काळ झाकून ठेवता येणार नाही. पुढची बढती, पुढचा पुरस्कार, पुढची नियुक्ती ठरेल तेव्हा त्या मेजाभोवती बसलेल्यांना एवढे एकच विचारले जावे: यादीतील कोणता निबंध वाचला, आणि त्यात काय सापडले?